रुमालाखालची मूठ

सेलूहून पिंगळीकडे निघालं की हंगामात रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. टेम्पो खच्चून भरून जातात, ताडपत्री कितीही ताणून बांधली तरी कडेनं पुंजके निसटतात आणि काट्यांत अडकून बसतात. उन्हं तिरपी झाली की ती झाडं दाढी न केलेल्या म्हाताऱ्यांसारखी दिसतात. हंगाम सुरू झाल्याची खबर मला बाजारातल्या फळ्यावरून कधीच मिळत नाही, ह्या बाभळींकडून मिळते. एरवी तो कापूस दिसला की माझे हात शिवशिवायला लागायचे. ह्या वर्षी दिसला आणि आधी राग आला. मग रागाच्या मागून गेला हंगाम आला, अख्खाच्या अख्खा. सरकीचा तेलकट वास, नाकात बसलेली रुई, आमच्या दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि माझ्या हातातला रिमोट.

मी कापसाचा खरेदीदार. आता लोक शेठ म्हणतात, पण मी कुणाच्या गादीवर बसून शेठ झालेलो नाही. दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघण्यापासून माझी सुरुवात झाली. बैलबाजारात दलाली करायचो. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. कोणतं बोट धरलं, किती धरली, कशी दाबली, त्यावर भाव ठरतो. वर तोंडानं भलतंच चाललेलं असतं. पाऊसपाणी, सोयरिकी, एकमेकांच्या गावाची निंदा. भोवती कितीही माणसं उभी असोत, सौदा कुठं तुटला ते दोघांनाच ठाऊक. मी तापट आहे हे साऱ्या सेलूला माहीत आहे. वर माझं तोंड पेटलेलं असायचं, पण रुमालाखाली हात कधी तापला नाही. जे काही कमावलं ते त्या थंड हातानं.

पुस्तकांशी माझा संबंध परीक्षेपुरता. तो संपला तेव्हा दोघांनाही बरं वाटलं होतं. पुन्हा जुळला तो एका बैलामुळं. पिंगळीजवळच्या खेड्यातला दत्तराव नावाचा शेतकरी एक खिलारी बैल घेऊन बाजारात उभा होता. बैलाचा डावा कान फाटलेला, चाल मात्र नवरदेवाची. मी कासरा ओढला तर जागचा हलेना.

"असा न्हाई यायचा तो," दत्तराव म्हणाला. "अदबीनं बोला. वजीरसाहेब, तशरीफ आणा, म्हणा."

"बैलाचं नाव वजीर?"

"पुस्तकातलं हाय. त्यात एक गाढव हाय त्या नावाचं."

"गाढवाचं नाव बैलाला ठेवलं?"

"लय हुशार गाढव हाय ते. तुमच्या-माझ्यापरीस."

रुमाल पडला, बोटं बोलायला लागली. सगळं जमलं आणि शेवटच्या जराशा फरकावर अडलं. मी करंगळी सोडेना, तो अंगठा सोडेना. शेवटी तो वैतागून मोठ्यानं म्हणाला, "सूट न्हाई मिळायची. पायजे तर ते पुस्तक देतो." मी भडकलो, पाचपन्नास शब्द सुनावले, आणि बैलासोबत दावं येतं तसं पुस्तक घेऊन घरी आलो.

झुंबर मांत्रिकाच्या कादंबऱ्यांचा तो तिसरा भाग होता. मग पहिला, दुसरा, चौथा कुठून कुठून मिळवले. ज्यांनी त्या वाचल्या नाहीत त्यांना काय सांगावं? झुंबर खराखुरा मांत्रिक आहे, मंत्रही खरे आहेत, फक्त त्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशी होतो. गंजीला आग लागली म्हणून पाऊस पाडायला जातो, गंजी जळून जाते, आणि उद्या लख्ख उन्हात कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवावर धो धो कोसळतो. लोक त्याला शिव्या देतात आणि भांडण करायचं असेल तर मंत्र वेळेवर लागावा म्हणून त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवतात. त्याचं गाढव वजीर, फक्त अदबीच्या उर्दूला जुमानणारं. आणि राक्षसांचा दलाल हब्बू. हब्बू माणसांची झोप, सावली, उचकी, काहीही विकत घेतो आणि काहीही विकतो. मी हब्बूच्या प्रेमात पडलो. पुस्तकात आपल्या धंद्याचा माणूस भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकांत सगळे राजे नाहीतर संत.

तिसऱ्या भागात झुंबरच्या बायकोचं हसू राक्षस उचलून नेतात आणि ते परत घ्यायला तो हब्बूकडे जातो. हब्बू गळ्यातला रुमाल काढतो, दोघांच्या हातांवर टाकतो. रुमाल थोडा हलतो. मग स्थिर होतो. पान उलटावं तर झुंबरची बायको अंगणात पोट धरून हसते आहे. झुंबरनं काय दिलं ते लिहिणाऱ्यानं तिथं सांगितलं नाही, चौथ्या भागातही सांगितलं नाही, आणि मग तो वारला.

म्हणजे प्रश्न आमच्यावर येऊन पडला. आम्ही म्हणजे दत्तराव, मी, शाळेतून निवृत्त झालेल्या कुलकर्णी मॅडम आणि नारायण गुरुजी. गुरुजी घरोघर पूजा सांगतात. त्यांना झुंबर आवडण्याचं कारण ते स्वतःच सांगायचे, "आमच्या मंत्रांचा परिणाम कधी होतो ते यजमानही विचारत नाही, मीही विचारत नाही. झुंबर निदान उद्याचा वायदा तरी करतो." दरवर्षी दत्तरावच्या रानात पहिल्या वेचणीला आम्ही जमायचो. दहीभाताचा नैवेद्य कपाशीला दाखवून झाला की झाडाखाली बसून रुमालाखालचं भांडण काढायचं, हा आमचा नेम. गुरुजी म्हणायचे, झुंबरनं मंत्र दिला. मॅडम म्हणायच्या, नाव दिलं. चौथ्या भागात त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, नीट वाचा. दत्तराव म्हणायचा, गाढवाचं आयुष्य दिलं, म्हणून गाढव त्याच्याशी रुसलंय. आणि मी म्हणायचो, त्यानं काहीच दिलं नाही, हब्बूला गंडवलं. चांगला सौदा म्हणजे समोरच्याला कळू न देता कमी देणं. ह्यावर मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघायच्या. चष्मा घालून बघण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

माझी मुलगी मुक्ता ह्या भांडणांत वाढली. कापसाच्या ढिगावर पालथी पडून ऐकायची, केसांत रुई, गुडघ्यांना माती. पाच-सहा वर्षांची असल्यापासून तिचा हट्ट मी रुमालाखाली घ्यायचो. जत्रेला जायचंय? शाळेला दांडी मारायचीय? ये, हात घाल. माझी करंगळी बैलाच्या कासऱ्यात सापडून वाकडी झालेली आहे. ती नेमकी तीच धरायची आणि म्हणायची, "ही मोजायची नाही, ही फुकट." घासाघीस करता करता कंटाळली की तिची स्वतःची एक खूण होती. बोटं सोडून द्यायची, मूठ मिटायची आणि ती मूठ माझ्या तळहातात ठेवून द्यायची. तिचा अर्थ, तुम्ही म्हणाल ते.

मी तिला दटावायचो. "अशी खूण बाजारात नसते. तुमी म्हणाल ते, असं म्हणणारा अंगावरचा सदरासुद्धा घालवून घरी जातो."

"मी कुठं बाजारात हाय? मी घरातच हाय ना."

मी तळहात तिच्या मुठीवर मिटायचो. म्हणजे, दिलं. माझ्या आयुष्यातले तेवढेच सौदे मी हरलो.

ती मोठी झाली, पुण्याला शिकली, मुंबईला लिहायला लागली. पडद्यासाठी लिहिते म्हणजे नक्की काय करते ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एक दिवस तिनं सांगितलं की झुंबरची मालिका होतेय आणि संवाद ती लिहितेय. मी फोन ठेवून बाजारात गेलो आणि ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्यालाही पेढा दिला.

मालिका आली ती गेल्या वर्षी ऐन हंगामात. रविवारी दुपारी मी सगळ्यांना घरी बोलावलं. दत्तराव धुतलेलं धोतर नेसून आला. मॅडम चारही भाग पिशवीत घालून आल्या, साक्षीदार आणावेत तसे. पडद्यावर झुंबर दिसला आणि खोलीत उसासे पडले.

"हा झुंबर? ह्याचे तर दंड आहेत," गुरुजी म्हणाले. "मंत्र चुकला तर हा समोरच्याला हातानं मारेल."

मग गाढव आलं.

"पांढरं?" दत्तराव उभाच राहिला. "वजीर पांढरा कसा आसंल? वजीर काळा!"

"राखाडी," मॅडम म्हणाल्या.

"आणि कान?" मी ओरडलो. "कान फाटलेला पाहिजे डावा! चांगला धडधाकट कान दाखवलाय!"

पुस्तकातला तराजूवरचा खटला गाळलेला. तो माझा सगळ्यात लाडका प्रसंग. त्याच्याजागी एक गाणं घातलेलं. गाण्यात झुंबर पाठमोरा उभा राहून वाऱ्याकडे बघतो. झुंबर असा कुठंही बघत नाही, त्याला तेवढी उसंतच नसते. आम्ही चौघं शेतात टोळधाड पडावी तसे त्या मालिकेवर तुटून पडलो होतो. आमची भाचेमंडळी मात्र जमिनीवर लोळून हसत होती. त्यांनी एक पान वाचलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी गाढव पांढरंच होतं, जन्मापासून.

मग हब्बू आला. हब्बूनं रुमालाच्या टोकानं आधी मानेचा घाम पुसला. मी सौद्याआधी पुसतो. हब्बू खाकरला, मी खाकरतो तसा. आणि म्हणाला, "बोटांना बोलू द्या, तोंडाला आराम द्या." हे वाक्य कुठल्या भागात नाही. ते वाक्य माझं आहे, बैलबाजारातलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. राक्षसांचा दलाल म्हणून माझ्या पोरीनं मला उभं केलं होतं.

तेही मी गिळलं असतं. पण पुढं रुमाल पडला, आणि कॅमेरा खाली जायला लागला. खाली, रुमालाच्या कडेशी, आणि आत. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात आम्ही सगळे दिसायला लागलो, तोंडं उघडी.

"कुणी सांगायचं न्हाई मला पुढं काय दाखवलं ते," मी म्हणालो. "ज्याला बघायचं त्यानं आपापल्या घरी बघावं."

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "आप्पा, बघितलं?"

"रुमाल उचलला का नाही तेवढं सांग."

"कॅमेरा आत गेलाय, पण तुमी पुढचं..."

"झाकलेलं होतं तोवर त्याला भाव होता. आता काय राहिलं? आम्ही इतकी वर्षं भांडलो ते काय, तू येऊन उघडं करावं म्हणून? अन् हब्बूच्या तोंडी माझी बोली घातलीस. बापाला दलाल करून चारचौघांत उभा केलास."

तिचा आवाज खाली आला. "आप्पा, आधी पूर्ण बघा. मग भांडू."

"मी बघणार न्हाई."

माझं एक आहे, मी शब्द फिरवत नाही. बाजारात ह्याला किंमत असते. घरात ह्याचं काय होतं ते त्या वर्षात कळलं. ती आईला फोन करायची, मी उठून अंगणात जायचो. संक्रांतीला आली नाही, पाडव्याला आली नाही. सुलोचना, म्हणजे तिची आई, एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पोरीनं तुम्हाला राक्षस नाही केलं, दलाल केलं. ते तुम्ही आहातच." मी ताट सरकवून उठलो. पण वाक्य काही उठलं नाही, ते तिथंच बसून राहिलं.

बाजारातही टोमणे होतेच. "काय शेठ, लेकीनं बाजाराचं गुपित फोडलं म्हणे." मी खवळायचो. पण खवळून झाल्यावर एक विचित्र गोष्ट व्हायची. मला कुतूहल वाटायचं. हा पानवाला, ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही, तो झुंबरसाठी हळहळतोय. आमच्या जिनिंगमधला मशीनवाला म्हणतो, पुस्तकापेक्षा हे भारी. तू वाचलंस कधी? न्हाई, पण भारीच आसणार. आणि आम्ही, ज्यांनी पानं झिजवली, आम्हाला दुःख कशाचं झालं होतं? गाढवाच्या रंगाचं? मी ज्याला त्याला विचारायला लागलो. तुझा झुंबर कसा दिसायचा? गुरुजींचा झुंबर त्यांच्या मामासारखा होता, किडकिडीत, दात पुढं. मॅडमचा झुंबर त्यांच्या शाळेतल्या शिपायासारखा. दत्तरावनं तर लाजत सांगितलं, "माझा झुंबर म्हणजे मीच की." प्रत्येकानं आपल्याच गावातून नट निवडले होते आणि इतकी वर्षं जो तो मनातल्या मनात खेळ लावत होता. एकाच पुस्तकाचे किती खेळ, आणि सगळे फुकट. मग कुणीतरी एकच खेळ पडद्यावर लावला, आणि आमच्या सगळ्यांचे नट एका दिवसात घरी बसले. राग त्याचा असावा.

गाढवाच्या कानाबद्दल मात्र मी ठाम होतो. मॅडमशी पैज घेतली. त्यांनी चारही भाग पालथे घातले. फाटका कान कुठंही नाही. मी स्वतः बसून शोधला. नाही. मग आठवला दत्तरावचा बैल. फाटका कान त्याचा होता. मी तो केव्हा उचलून गाढवाला लावला, मलाच ठाऊक नाही. इतकी वर्षं मी जे पुस्तक वाचत होतो त्यात एक कान माझा होता. हे कळल्यावर मला ओशाळं वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. कान असायलाच पाहिजे होता, लिहिणाऱ्याकडून राहून गेला.

असं वर्ष गेलं. कपाशीला पुन्हा बोंडं फुटली, दत्तरावनं निरोप धाडला. घरातून निघताना सुलोचना म्हणाली, "मुक्ता दिवाळीलाही येत नाही म्हणते. सांगून ठेवलं. नाहीतर म्हणाल, मला कुणी बोललं नाही." मी चप्पल घातली आणि निघालो. वाटेत बाभळींचा कापूस दिसला तो तेव्हा.

रानात उन्हाचा चटका होता. वेचणाऱ्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या, ओट्या फुगलेल्या, गप्पा अखंड. नैवेद्य झाला. झाडाखाली बसलो. मला वाटलं, ह्या वर्षी भांडायला काय उरलंय? सगळ्यांनी पडद्यावर बघितलंय. आता कापसाच्या भावाबद्दल बोलायचं आणि उठायचं.

पण गुरुजींनी पानाची चंची उघडली आणि म्हणाले, "मी अजूनही म्हणतो, मंत्रच दिला त्यानं."

"काय पुरावा?" मॅडम म्हणाल्या. "मी तर म्हणते आता नावच, शंभर टक्के."

मी दोघांकडे बघत राहिलो. "अहो, तुम्ही बघितलंय ना? रुमालाच्या आत दाखवलंय ना?"

"दाखवलंय," मॅडम म्हणाल्या. "पण कळलंय कुणाला?"

"त्या मुंबईच्या पोराबाळांचं सोडा," मी म्हणालो. "दत्तराव, तुला बाजाराची बोटं कळतात. तू बैल विकलेत."

दत्तराव मान हलवायला लागला. "शेठ, ती बाजाराची भाषाच न्हवती. वर्षभर सांगीन म्हनायलो तर तुमी तोंड उघडू देईनात. त्या झुंबरनं एक बोट धरलं न्हाई. नुसती मूठ मिटली अन् हब्बूच्या हातात ठिवली. आता मूठ म्हंजी काय भाव आसतो? मी उभ्या जल्मात आसा सौदा बघितला न्हाई."

"मूठ म्हणजे प्राण," गुरुजी म्हणाले.

"मूठ म्हणजे शून्य," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं पुन्हा जुंपलं. मला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. वेचणाऱ्या बायकांतली कुणी तरी मोठ्यानं हसली. मी दत्तरावला म्हणालो, "फोन आण."

"आता बघायलाव? वर्षभर न्हाई म्हनलाव."

"आण म्हणतो ना."

त्यानं तो प्रसंग काढून दिला. उन्हात पडद्यावर काही दिसेना, माझंच तोंड दिसत होतं. मी खांद्यावरचा रुमाल काढला, डोक्यावरून घेतला आणि फोनवर ओढून धरला. आत अंधार झाला, रुमालाच्या विणीतून बारीक उजेड येत होता. आणि त्या अंधारात फोनवरही तसाच अंधार होता, तशीच वीण, तसाच उजेड. दोन हात. हब्बूचा हात खडबडीत, करंगळी वाकडी. झुंबरचा हात आला, त्या वाकड्या करंगळीला, त्या न मोजायच्या फुकट बोटाला निसटता लागला. मग मिटला. मूठ झाली. आणि हब्बूच्या उघड्या तळहातात येऊन बसली.

हब्बूचा तळहात मात्र मिटला नाही. मी वाट बघत होतो मिटण्याची. चित्र तिथंच तुटलं, आणि अंगणात झुंबरची बायको हसायला लागली.

मी पुन्हा लावलं. पुन्हा. तळहात मिटला नाही.

सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं आणि कुणालाही कळलं नाही. बाजाराची एकही खूण तिनं उघडी केली नव्हती. झुंबरनं ना मंत्र दिला, ना नाव, ना गाढवाचं आयुष्य. आणि मी म्हणायचो तसं हब्बूला गंडवलंही नाही. तो घासाघीस सोडून देतो, बास. बायकोच्या हसण्यावर त्याला बोटं मोजायची नाहीत. माझ्यासारख्या दलालाला इतकी वर्षं ही शक्यता सुचली नव्हती, सुचणं शक्यही नव्हतं. आणि हब्बू दलालानं त्यावर काय केलं, ते तिनं दाखवलं नव्हतं. दाखवणार कुठून? ते माझ्याकडून अजून झालंच नव्हतं.

रुमालाखाली मी किती वेळ होतो कोण जाणे. दत्तरावनं बाहेरून विचारलं, "शेठ, काय कळलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. रुमालानं तोंड पुसूनच बाहेर आलो. "ऊन लय हाय."

दत्तराव हे वाचेल आणि मला शिव्या घालेल. घालू दे. एक अख्खी वेचणी त्याला मी अंधारात ठेवलं. पण माल कधी दाखवायचा हे दलालाला कळतं.

बांधावर जाऊन मी तिला फोन लावला. वर्षभरात पहिला. तिनं उचलला. माझ्याकडे बोलायला काही तयार नव्हतं. बाजारात मी कधी तयारीशिवाय गेलेलो नाही.

"दिवाळीची गाडी सेलूला कितीला पोचते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "बघून सांगते."

स्टेशनावर मी वेळेच्या बराच आधी गेलो. मालधक्क्याकडून वाऱ्यावर रुई उडत येत होती. गाडी आली, माणसं उतरली, फराळाचे डबे, पोरं, भांडणं. ती सगळ्यांत शेवटी उतरली, हातात बॅग, चेहरा घट्ट. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाया पडली नाही, हसली नाही. डोळ्यांत सरळ प्रश्न, बघितलं का?

मी मानेचा घाम पुसला. खाकरलो. आणि खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

तिनं बॅग खाली ठेवली. तिचा हात आत आला, थंडगार. तळहात उघडा. ती वाट बघत होती, मी कुठलं बोट धरतो त्याची. वर लोक बघत होते. एक हमाल थांबून म्हणाला, "शेठ, पोरीसंगबी सौदा करायलाव का?" तोंडाला आराम होता, म्हणून मी त्याला काही बोललो नाही. मी बोटं मिटली. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या हातानं ती खूण कधी केली नव्हती, जमेल की नाही कळत नव्हतं. मूठ केली आणि तिच्या तळहातात ठेवली.

तिचा हात क्षणभर हललाच नाही. मग माझ्या मुठीवर मिटला. मिटलेलाच राहिला. मान खाली घालून ती हसत होती का रडत होती ते मला दिसेना.

"आप्पा," ती म्हणाली, "एवढ्यात? जरा तरी घासाघीस करायची ना."

"गाढवाच्या कानाचं राहिलंय अजून," मी म्हणालो. "ते वेगळं बोलू."